व्यस्ताचा आलेख हातात धरून : टोपोलॉजिकल ग्रुपच्या सैल रूपांचा अभ्यास कसा करावा

टोपोलॉजिकल ग्रुपच्या व्याख्येतली एखादी अट सैल केली की जुन्या प्रमेयांपैकी कोणती टिकतात आणि कोणती कोसळतात, हा विषय एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी निवडणारे विद्यार्थी बरेच भेटतात, कारण त्यातल्या सगळ्या व्याख्या एका पानात मावतात आणि पहिला आठवडा फार सुखाचा जातो. दुसऱ्या आठवड्यात सेमीटोपोलॉजिकल, क्वासीटोपोलॉजिकल आणि पॅराटोपोलॉजिकल ही नावे एकमेकांत मिसळू लागतात, आणि एका रूपासाठी सिद्ध केलेले विधान दुसऱ्यासाठी नकळत वापरले जाते. पुण्यात अशा विद्यार्थ्यांबरोबर फळ्यासमोर बसताना जी रीत हळूहळू बसत गेली, ती येथे मांडत आहे. वाचकाला टोपोलॉजीचा आणि ग्रुप थिअरीचा पहिला अभ्यासक्रम येतो, एवढेच गृहीत धरले आहे.

शब्दांविषयी आधीच सांगितलेले बरे. ग्रुपला पुस्तकी मराठीत गट म्हणतात, पण वर्गात मराठीतून समजावणारे शिक्षकही कॉम्पॅक्ट, हाउसडॉर्फ, कोसेट असेच बोलतात. म्हणून गट, खुला संच, बंद संच, परिसर आणि सांतत्य हे शब्द मराठीत ठेवून बाकीचे जसे बोलले जातात तसेच लिहितो. गटाला ग म्हणू, त्याच्या अविकारक घटकाला अ म्हणू, आणि क या घटकाचा व्यस्त क′ असा लिहू. प हा संच असेल तर प′ म्हणजे प मधल्या घटकांच्या व्यस्तांचा संच.

टोपोलॉजिकल ग्रुपमध्ये दोन मागण्या असतात. क आणि ख या जोडीला कख कडे नेणारा गुणाकार दोन्ही चलांत मिळून संतत असावा, ही पहिली. आणि क ला क′ कडे नेणारे फल संतत असावे, ही दुसरी. पहिली मागणी ठेवून दुसरी सोडली की पॅराटोपोलॉजिकल ग्रुप मिळतो. पहिली मागणी सैल करून एक चल स्थिर ठेवल्यावर गुणाकार दुसऱ्यात संतत असावा, एवढेच सुटे सांतत्य मागितले की सेमीटोपोलॉजिकल ग्रुप मिळतो, आणि त्यात व्यस्ताचे सांतत्य परत घातले की क्वासीटोपोलॉजिकल. बीजगणिताच्या बाजूनेही सैल करता येते: गुणाकाराचा साहचर्य गुणधर्म सोडून जायरोग्रुप घेतात, ज्याचे मूळ उदाहरण आइन्स्टाइनच्या वेगांच्या बेरजेतून येते. ती वाट वेगळी आहे आणि पहिल्या सेमिनारमध्ये दोन्ही एकत्र आणू नयेत, असे माझे मत आहे.

अभ्यासाची सुरुवात प्रमेयांपासून करू नये. केवळ सरकवण्याच्या जोरावर काय मिळते ते आधी पाहावे. सेमीटोपोलॉजिकल ग्रुपमध्ये क ने गुणणे हे संतत फल असते आणि क′ ने गुणले की ते उलटते, म्हणजे प्रत्येक सरकवणे हा होमिओमॉर्फिझम होतो. त्यामुळे अ पाशी जे परिसर आहेत तेच सरकून सगळीकडे पोहोचतात, आणि एक बिंदू सुटा, म्हणजे एकटाच खुला संच, असेल तर सगळेच तसे होतात. खुला उपगट बंद असतो, हे विधानही इथेच मिळून जाते, कारण त्या उपगटाचे बाकीचे सगळे कोसेट खुले असतात आणि उपगट हा त्यांच्या संयोगाचा पूरक संच आहे. या युक्तिवादात व्यस्ताचे सांतत्य कुठेही आले नाही आणि संयुक्त सांतत्यही आले नाही, म्हणून हे विधान चारही रूपांत निर्धास्तपणे वापरावे. त्याच्या शेजारीच दिसणारे दुसरे विधान मात्र तसे नाही. उपगटाची संवृती, म्हणजे त्याला सामावणारा सर्वांत लहान बंद संच, हा उपगट असतो का? गुणाकाराच्या बाजूने सुटे सांतत्य दोनदा वापरून काम भागते. व्यस्ताच्या बाजूने भागत नाही. पूर्णांकांच्या गटात न चा सर्वांत लहान परिसर म्हणून न, न+१, न+२ असा वर जाणारा संच घ्या. बेरीज संयुक्तपणे संतत आहे, तरीही एकट्या ० ची संवृती ०, −१, −२ अशी खाली जाणारी शेपटी निघते. ती बेरजेला बंदिस्त आहे, पण उपगट नाही.

हे पहिले उदाहरण झाले. आणखी चार उदाहरणे हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि ती नुसती वाचून नव्हे, तर प्रत्येक अट स्वतः तपासून वहीत उतरवलेली असावीत.

सर्वांत उपयोगी उदाहरण सॉर्गेनफ्रे रेषेचे. वास्तव संख्यांच्या बेरजेच्या गटात क चे परिसर म्हणून क पासून सुरू होणारी, डावे टोक धरणारी आणि उजवे टोक सोडणारी अंतराले घेतली जातात. लांबी अर्धी घेतली की दोन अंतरालांची बेरीज मूळ लांबीच्या अंतरालात बसते, म्हणून बेरीज संतत आहे. पण ऋण केल्यावर ० च्या उजवीकडचे अंतराल डावीकडे जाते आणि त्यात ० चा एकही परिसर मावत नाही. फर्ग्युसन रस्ता एकेरी असल्यामुळे परतणाऱ्या गाडीला जंगली महाराज रस्ता धरावा लागतो, हे ज्याला अंगवळणी पडले आहे त्या पुणेकराला ही टोपोलॉजी समजावून सांगावी लागत नाही: पुढचा बिंदू जवळ आहे, मागचा बिंदू हातभर अंतरावर असला तरी लांब आहे.

दुसरे उदाहरण पूर्णांकांवरच, पण अशा टोपोलॉजीचे, जिच्यात रिकाम्या संचाखेरीज ज्यांचा पूरक संच सांत आहे तेच संच खुले मानले जातात. सरकवणे आणि ऋण करणे या दोन्ही क्रिया सांत संचाला सांत संचाकडेच नेतात, म्हणून हा क्वासीटोपोलॉजिकल ग्रुप आहे. पण असे कोणतेही दोन रिकामे नसलेले खुले संच घेऊन बेरीज केली की सगळे पूर्णांक मिळतात, त्यामुळे ५ वगळून बाकी सगळ्यांच्या खुल्या संचात दोन परिसरांची बेरीज बसवणे अशक्य होते.

तिसरे उदाहरण प्रतलाचे. एखादा संच खुला मानायचा तो केव्हा, तर त्यातल्या प्रत्येक बिंदूपासून आडवा आणि उभा असा एक लहान अधिकचिन्हाच्या आकाराचा तुकडा त्या संचात राहत असेल तेव्हा. ही टोपोलॉजी युक्लिडीय टोपोलॉजीपेक्षा बारीक आहे, म्हणून हाउसडॉर्फ आहे. सरकवणे आणि ऋण करणे संतत आहे. बेरीज मात्र नाही, आणि ते दाखवण्यासाठी प्रतलातून (१, १), (१/२, १/२), (१/३, १/३) हे सगळे बिंदू काढून टाकावेत. कोणत्याही आडव्या किंवा उभ्या रेषेवर त्यांपैकी जास्तीत जास्त एकच बिंदू येतो, म्हणून उरलेला संच खुला आहे आणि त्यात (०, ०) आहे. आता फ हा (०, ०) चा कितीही लहान परिसर असला तरी फ मधल्या आडव्या तुकड्यात उभा तुकडा मिळवला की पूर्ण चौकोन तयार होतो, आणि त्या चौकोनात काढून टाकलेल्यांपैकी बिंदू असतातच. सुटे सांतत्य आणि संयुक्त सांतत्य यांतला फरक यापेक्षा स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

चौथे उदाहरणही प्रतलाचेच. (०, ०) चा परिसर म्हणून (०, ०) आणि त्याच्याबरोबर वरची खुली अर्धी चकती घ्यावी, म्हणजे लहान त्रिज्येच्या वर्तुळातले ज्यांचा दुसरा सहनिर्देशक धन आहे असे बिंदू. त्रिज्या अर्धी केली की बेरीज मूळ चकतीत बसते, म्हणून हा पॅराटोपोलॉजिकल ग्रुप आहे, आणि युक्लिडीयपेक्षा बारीक असल्यामुळे हाउसडॉर्फही आहे. याचा उपयोग पुढे येईल.

उदाहरणे पक्की झाल्यावर मूळ प्रमेयांच्या सिद्धता ओळीओळीने वाचाव्यात. अप्पा बळवंत चौकातून एक फुलस्केप वही आणि दोन रंगांची पेने आणावीत. जिथे परिसराचा स्वतःशी गुणाकार लहान ठेवला जातो ती ओळ निळ्याने आणि जिथे प च्या जागी प′ किंवा सममित (म्हणजे प = प′ असा) परिसर येतो ती ओळ लाल पेनाने अधोरेखित करावी. हे बालिश वाटते, पण माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका सेमिनारमध्ये पॅराटोपोलॉजिकल ग्रुपविषयीचे विधान सिद्ध करताना मी सहज "सममित परिसर घेऊ" असे म्हणून गेलो होतो, आणि शेवटच्या बाकावरून "तो कुठून आणला?" असा शांत प्रश्न आल्यावर उरलेली वीस मिनिटे फळा पुसण्यात गेली. लाल पेन तेव्हापासूनचे आहे.

नमुन्यादाखल एक सिद्धता पाहू. टोपोलॉजिकल ग्रुपमध्ये कोणत्याही दोन वेगळ्या बिंदूंपैकी निदान एकाला दुसऱ्यास वगळणारा परिसर असेल, तर तो ग्रुप हाउसडॉर्फ असतो. प हा अ चा परिसर आहे आणि क चा कप हा परिसर ख ला वगळतो असे धरा. मग फफ′ हा प मध्ये बसेल असा अ चा परिसर फ निवडतात. कफ आणि खफ यांना सामाईक घटक असेल तर ख हा कफफ′ मध्ये, म्हणजेच कप मध्ये येतो, आणि हा विरोधाभास आहे. सगळे वजन फफ′ वर आहे, आणि ती ओळ लाल आहे. वर जाणाऱ्या पूर्णांकांच्या उदाहरणात फफ′ म्हणजे सगळेच पूर्णांक होतात, आणि सांत पूरक संचांच्या उदाहरणातही तसेच होते. म्हणून पहिले एकेका बिंदूलाही बंद ठेवू शकत नाही, आणि दुसरे बिंदू बंद ठेवते पण हाउसडॉर्फ होत नाही. लाल ओळ नुसती खोडून थांबू नये, तिच्यातून खरी अट काढावी. अ खेरीज प्रत्येक क साठी क ला वगळणारा फफ′ मिळत असेल, तर आणि तरच सेमीटोपोलॉजिकल ग्रुप हाउसडॉर्फ असतो, हे वरच्याच दोन ओळींतून निघते.

हाउसडॉर्फपासून रेग्युलरकडे, म्हणजे प्रत्येक परिसरात एखाद्या परिसराची संवृती मावण्याकडे, जाण्याची पायरीही याच ठिकाणी मोडते. पॅराटोपोलॉजिकल ग्रुपमध्ये फ ची संवृती फफ′ मध्ये असते, पण फफ′ हा प मध्ये बसवता येत नाही. चौथे उदाहरण काढा: वरच्या अर्ध्या चकतीची संवृती आडव्या अक्षावरचे बिंदूही ओढून घेते, आणि मूळ परिसरात त्या अक्षावरचा (०, ०) सोडून एकही बिंदू नाही. म्हणून तो ग्रुप हाउसडॉर्फ असूनही रेग्युलर नाही. टोपोलॉजिकल ग्रुपमध्ये ही सगळी शिडी एका झेपेत चढली जाते. येथे पायरीपायरीने प्रश्न उभे राहतात, आणि त्यांतला एक, म्हणजे रेग्युलर पॅराटोपोलॉजिकल ग्रुप कम्प्लीटली रेग्युलर (म्हणजे बंद संच आणि त्याबाहेरचा बिंदू संतत वास्तव फलाने वेगळे करता येतील असा) असतोच का, हा दीर्घकाळ अनुत्तरित होता. तारास बानाख आणि अलेक्स राव्स्की यांनी त्याचे होकारार्थी उत्तर दिले आणि ते २०१७ साली प्रसिद्ध झाले.

मेट्रिकच्या प्रश्नावर फार थांबायचे कारण नाही. अ पाशी परिसरांचा गणनीय पाया असलेल्या हाउसडॉर्फ टोपोलॉजिकल ग्रुपला मेट्रिक देता येते, हे बर्कहॉफ आणि काकुतानी यांनी १९३६ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले. सॉर्गेनफ्रे रेषेला असा गणनीय पाया प्रत्येक बिंदूपाशी आहे आणि परिमेय संख्या तिच्यात दाट आहेत, पण संपूर्ण टोपोलॉजीचा पाया गणनीय असू शकत नाही, कारण प्रत्येक क साठी क हाच ज्याचा सर्वांत लहान घटक आहे असा एक संच पायात लागतो. म्हणून तिला मेट्रिक नाही. उरते ते एकेरी अंतर: क पासून ख पर्यंतचे अंतर ख पासून क पर्यंतच्या अंतराएवढे असण्याची अट सोडली, तर जुनी सिद्धता जवळपास जशीच्या तशी चालते, कारण तिच्यातल्या निळ्या ओळी निळ्याच राहतात.

आता ज्या साधनासाठी हे सगळे लिहायला घेतले ते. पॅराटोपोलॉजिकल ग्रुप समोर आला की सर्वांत आधी व्यस्ताचा आलेख पाहावा, म्हणजे ग×ग मधल्या (क, क′) या सगळ्या जोड्यांचा संच. गुणाकाराने अ वर जाणाऱ्या जोड्या त्या याच, म्हणून एकेक बिंदू बंद असेल तर हा आलेख आपोआप बंद असतो. व्यस्त संतत असो वा नसो. शिवाय या आलेखावर ग×ग कडून जी टोपोलॉजी येते ती म्हणजे ग ची मूळ टोपोलॉजी आणि तिचे व्यस्त रूप यांना एकत्र केल्यावर मिळणारी टोपोलॉजी: अ चे परिसर प∩प′ असे होतात. तिच्यामुळे ग हा टोपोलॉजिकल ग्रुप बनतो. म्हणजे प्रत्येक पॅराटोपोलॉजिकल ग्रुपच्या वर्गात (ग×ग मध्ये), बिंदू बंद असले की, एक टोपोलॉजिकल ग्रुप बंद संच म्हणून बसलेला असतो.

याचा पहिला फायदा असा. ग कॉम्पॅक्ट आणि हाउसडॉर्फ असेल तर आलेख बंद आहे, आणि कॉम्पॅक्ट अवकाशाकडे जाणाऱ्या ज्या फलाचा आलेख बंद असतो ते फल संतत असते. व्यस्त संतत झाला; ग टोपोलॉजिकल ग्रुप झाला. तीन ओळींत काम संपते, आणि सेमिनारमध्ये हेच पहिले प्रमेय म्हणून घ्यावे. दुसरा फायदा सॉर्गेनफ्रे रेषेवर दिसतो. तिथे प∩प′ हा एकटा ० उरतो, म्हणजे आलेख डिस्क्रीट आहे, बंद आहे आणि अगणनीय आहे. लिंडेलॉफ अवकाशाचा (ज्याच्या प्रत्येक खुल्या आवरणातून गणनीय आवरण निवडता येते त्याचा) बंद उपसंच लिंडेलॉफ असतो आणि अगणनीय डिस्क्रीट संच तसा नसतो. म्हणून रेषा स्वतः लिंडेलॉफ असली तरी तिचा वर्ग लिंडेलॉफ नाही. सॉर्गेनफ्रे यांनी १९४७ साली दाखवलेली, वर्ग नॉर्मल नसण्याची प्रसिद्ध गोष्ट ज्या तिरक्या रेषेवर उभी आहे, ती तिरकी रेषा म्हणजे ऋण करण्याचा आलेखच होय. टोपोलॉजीच्या तासाला ती नुसती एक चतुर युक्ती म्हणून भेटते. ती तिथे का आहे हे या दिशेने आल्यावर कळते.

सांतत्य फुकट परत मिळवून देणाऱ्या प्रमेयांची एक मोठी मालिका आहे. डीन माँटगोमेरी यांनी १९३६ साली सेपरेबल आणि पूर्ण मेट्रिक असलेल्या सेमीटोपोलॉजिकल ग्रुपसाठी, रॉबर्ट एलिस यांनी १९५७ साली लोकली कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ सेमीटोपोलॉजिकल ग्रुपसाठी, आणि अहमद बूझियाद यांनी १९९६ साली चेक-कम्प्लीट (आपल्या कॉम्पॅक्ट विस्तारात गणनीय खुल्या संचांचा छेद म्हणून बसणाऱ्या) सेमीटोपोलॉजिकल ग्रुपसाठी तो टोपोलॉजिकल ग्रुपच असतो असे दाखवले. एलिस यांचे प्रमेय पहिल्यांदा वाचताना ते केवढे बलवान आहे हे लक्षात येत नाही, कारण फक्त सुटे सांतत्य देऊन दोन्ही मागण्या परत मिळतात. त्यांची सिद्धता पहिल्या सेमिनारसाठी लांब आहे. विधान सांगून पुढे जावे, पण प्रत्येक अट हातातल्या उदाहरणांवर तपासून दाखवावी. वर जाणारे पूर्णांक लोकली कॉम्पॅक्ट आहेत, हाउसडॉर्फ नाहीत. सांत पूरक संचांची टोपोलॉजी तर पूर्ण कॉम्पॅक्ट आहे आणि तिच्यात बिंदूही बंद आहेत, पण तीही हाउसडॉर्फ नाही. सॉर्गेनफ्रे रेषा हाउसडॉर्फ आहे, पण लोकली कॉम्पॅक्ट नाही. शिवाय ती बेअर अवकाश आहे (गणनीय दाट खुल्या संचांचा छेद तिच्यात दाटच राहतो), म्हणून केवळ बेअर असण्याने काम होत नाही हेही तिनेच कळते. एखादे उदाहरण प्रमेयाच्या कुंपणाच्या आत येताना दिसले, तर प्रमेयाला नव्हे, आधी आपल्या तपासणीला दोष द्यावा.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. आलेखाचे साधन पॅराटोपोलॉजिकल ग्रुपपुरते आहे. आलेख बंद आहे हे सांगताना आपण संयुक्त सांतत्य वापरले, आणि क्वासीटोपोलॉजिकल ग्रुपमध्ये ते नसते. अधिकचिन्हांच्या प्रतलात व्यस्त आधीपासूनच संतत आहे, सगळा बिघाड बेरजेत आहे, आणि तिथे व्यस्ताचा आलेख काहीच सांगत नाही. हा फरक खऱ्या प्रमेयांतही दिसतो: टायकोनॉफ (कम्प्लीटली रेग्युलर आणि हाउसडॉर्फ) आणि स्यूडोकॉम्पॅक्ट (ज्यावरचे प्रत्येक संतत वास्तव फल मर्यादित असते) असा पॅराटोपोलॉजिकल ग्रुप टोपोलॉजिकल ग्रुप असतो हे रेझ्निचेंको यांनी दाखवले, तर स्यूडोकॉम्पॅक्ट असूनही टोपोलॉजिकल ग्रुप नसलेला क्वासीटोपोलॉजिकल ग्रुप कोरोविन यांनी बांधून दाखवला.

सेमिनारच्या आदल्या दिवशी करण्यासाठी एक तपासणी सुचवतो. अर्ध्या चकतीच्या प्रतलात उभ्या अक्षावर कोणती टोपोलॉजी उतरते ते काढा. सॉर्गेनफ्रे रेषा मिळाली पाहिजे. आडव्या अक्षावर डिस्क्रीट टोपोलॉजी मिळाली पाहिजे, आणि तो अक्ष बंद उपगट असूनही अगणनीय डिस्क्रीट आहे, तर सगळे प्रतल मात्र सेपरेबल आहे, कारण परिमेय सहनिर्देशकांचे बिंदू त्यात दाट आहेत. मग परिसर थोडा बदला: वरच्या अर्ध्या चकतीत आडव्या अक्षाचा उजवीकडचा लहान तुकडाही घाला. बेरीज अजून संतत आहे हे पाहा, आता आडव्या अक्षावर काय उतरते ते शोधा, आणि (०, ०) च्या परिसराची संवृती अक्षावर डावीकडे किती पसरते हे काढून हा नवा ग्रुप रेग्युलर झाला की नाही ते लाल पेनाने लिहा.